हौशी हातांचे मोल

'हौस' हा शब्द मराठीने परक्या घरून आणला. मुळात तो अरबी 'हवस'. हिंदी-उर्दूत त्याला वासनेचा डाग लागला; मराठीत मात्र तोच शब्द निर्मळ झाला. पोटासाठी नव्हे, तर मनाच्या ओढीने केलेले ते हौसेचे. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशीही प्रेम करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. तथापि व्यवहारात या दोन्ही शब्दांना कमीपणाची छटा आलीच. कलाकार 'हौशी' आहे असे कळले की प्रेक्षक आधीच मनाची समजूत घालून बसतात.

या हौसेला आता नवा गुरू लाभला आहे. २००५ साली यूट्यूब सुरू झाले. पुढे मोबाइल हाती आला आणि जगभरातील स्वयंपाकघरे व कारखाने आपल्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांत प्रथमच पाव भाजला गेला. नाताळ जवळ आला की पडद्यावर पाहून कोणी केकचा घाट घालतो, कोणी कागदी तारा करतो, कोणी गोठ्यासाठी पुठ्ठ्याची घरे कापतो. या उद्योगाकडे पाहताना एक प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो. दुसऱ्याची कल्पना पाहून केलेली वस्तू कितपत आपली? आणि बाजारात ती अधिक सुबक मिळत असताना तिच्यापायी वेळ, पैसा व धान्य खर्ची घालणे योग्य काय?

ही केवळ नक्कल आहे, असा पहिला आक्षेप. परंतु नकलेवाचून हात कधी शिकले? घरे बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वाद्य वाजवूनच वादक, असे ॲरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सांगितले आणि सद्गुणांनाही तोच नियम लावला. आपल्या आयांनी शेजारणीकडून पाककृती उतरवून घेतल्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने असंख्य नवख्या हातांना धीर दिला. नाताळातील एका सुप्रसिद्ध कागदी ताऱ्याची कथाही अशीच आहे. जर्मनीतील नीस्की येथे मोरेव्हियन पंथीयांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या पाठासाठी हा तारा प्रथम केला गेला. चौकोनी तळाची सतरा व त्रिकोणी तळाची आठ अशी पंचवीस टोके त्याला असतात. शाळेतील पाठ घरोघरी गेला, कारण मुलांनी तो उचलला. कल्पनेचे असेच आहे. ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याजवळची सरत नाही.

शिवाय पडदा सारे काही देत नाही. पाककृतीत ३५० अंश फॅरनहाइट लिहिलेले असते, आणि आपल्याकडे असतो शिटी व रिंग काढलेला, तळाशी मीठ किंवा वाळू घातलेला कुकर. तिथला 'कप' सुमारे २४० मिलिलिटरचा. आपली वाटी घरागणिक वेगळी. थंड देशात रात्रभर फुगत ठेवायचे पीठ आपल्या उकाड्यात काही तासांतच फसफसून आंबट होते. अशा वेळी घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघावे लागते. बोटाने दाबून, वास घेऊन ठरवावे लागते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत उतरतच नाही. तो भाग ज्याचा त्याने कमवायचा असतो. कल्पना परक्याची असेल. पण ही कमाई करणाऱ्याची असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

खरा धोका नकलेत नाही. तो दिखाव्यात आहे. पडद्यावरची कृती दहा मिनिटांत संपते. फसलेले प्रयत्न, खरकटी भांडी, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा कंटाळा हे सारे त्यातून गाळलेले असते. त्या चित्राशी आपली वस्तू ताडून पाहिली की मन खट्टू होते. मग खाण्याजोगा केकही केवळ बसका झाला म्हणून टाकून दिला जातो, आणि लेकराने केलेला वाकडा तारा मागच्या खिडकीत जातो. त्या क्षणी मूल शिकते ते असे, की जे मिरवता येते तेवढेच मोलाचे. असा धडा देणारी हौस घराला महाग पडते.

म्हणून आमच्या मते हौसेवर तीन ऋणे असतात. पहिले, ज्याच्याकडून शिकलो त्याचे: कौतुक होत असताना त्याचे नाव सांगावे. दुसरे, अन्नाचे आणि घरच्यांचे: फसलेला पदार्थ शक्यतो खाऊन संपवावा, आणि आपल्या हौसेची भांडी दुसऱ्याच्या वाट्याला टाकू नयेत. रविवारच्या एका केकची वाहवा होते. परंतु रोजची भाकरी थापणाऱ्या हातांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. ज्याने स्वतः एकदा पीठ मळून पाहिले, त्याला त्या हातांची आठवण झाली नाही, तर तो काहीच शिकला नाही.

तिसरे ऋण कारागिराचे. बांबूच्या कामट्या वळवून टोपलीचा वीतभर काठ विणून पाहावा. हात सोलवटतात, काठ सुटतो, संध्याकाळ होते. असा अनुभव घेतलेला माणूस बाजारात टोपली विणणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना अडखळेल. आपल्या हौसेने तिचे पोट भरत नाही, हे खरे. परंतु तिच्या श्रमाची किंमत कळण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस तरी दिसत नाही. विकत मिळणारी वस्तू घरी का करावी, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हेच. वस्तू बाजारात मिळते. ही समज बाजारात मिळत नाही.

तेव्हा येत्या नाताळात पडद्यावर पाहून काही अवश्य करावे. ते सुबक झाले तर आनंदच आहे. वाकडे झाले तरी ज्याने केले त्याच्या देखत ते दर्शनी दारी टांगावे, आणि खाण्याचे असेल तर सर्वांनी मिळून खावे.