बाटलीवरचं बारीक अक्षर

माणसानं किती शिकावं याला काही मर्यादा असावी. बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो, तेव्हापासून लोकांना बारीक अक्षरांखाली सह्या करायला लावणं हेच माझं काम. 'वरील सर्व अटी वाचल्या व समजल्या' याखाली सही करण्याआधी त्या खरोखर वाचणारा गृहस्थ मला आजवर भेटलेला नाही. भेटला असता तर मीच म्हटलं असतं, "अहो, मागं रांग आहे!"

या पापाची फेड काटोलजवळ, मामांच्या गोठ्यात झाली. गाईची कास सुजली होती. डॉक्टर शेवटची सुई टोचून घाईत निघून गेले, बाटली तिथंच राहिली. मामा म्हणाले, "बापू, तू शिकेल माणूस. वाच बरं, काय लिवलं हाय?"

चष्मा पुसून वाचलं. वर जनावराचं मुंडकं, शेजारी 'माणसांसाठी नाही, केवळ जनावरांच्या उपचारासाठी'. (आमच्या काही परिपत्रकांवरही हे छापायला हरकत नाही.) इथवर ठीक. पण खाली म्हटलं होतं, शेवटच्या मात्रेनंतर 7 दिवस दूध वापरू नये. 2012 पासून तसा नियमच आहे. औषधाची तपासणी होऊन वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर दुधाला आणि अंड्यांना किमान 7 दिवस, मांसाला 28.

"सात दिवस? म्हंजे छप्पन लिटर!" मामांनी मशीनशिवाय हिशेब केला. "अन् लोक उकळूनच पेतात ना?"

"उकळून जंतू मरतात मामा, औषध मरत नाही."

मामा बराच वेळ गाईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू वाचलं नसतं तं?"

आता आली का पंचाईत! मी वाचेपर्यंत मामा निष्पाप होते. मग पाप दुधात होतं की माझ्या चष्म्यात? न वाचणाऱ्याला माफी म्हटली, तर आमचे झाडून सारे कर्जदार स्वर्गात जातील. पण नागपुरात ते दूध पिणाऱ्या पोरानं कुठंच सही केलेली नसते.

बरं, वाचून तरी सगळं कळतं का? डायक्लोफेनॅकनं गाईगुरांचं दुखणं थांबायचं; पण औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आपल्या डोक्यावरची गिधाडं जवळजवळ संपली होती. तिथं मी चष्मा कितीही पुसून काय उपयोग होता?

मामांनी दूध उकिरड्यावर ओतलं. मामी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला, बिनदुधाचा.

नवव्या दिवशी मामांचा फोन आला. "बापू, दूध सुरू केलं डेअरीत. आता दुसरीले ताप हाय. डॉक्टर येऊन राह्यले."

"मी येऊ का?"

"नको," मामा घाईघाईनं म्हणाले. मग थोडं थांबून, "बाटली पाठवतो बसनं."