गळका कंडेन्सर : गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४



आजचे श्लोक तुम्हाला माहीत आहेत, निदान ऐकून तरी. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, मग मोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी, आणि शेवटी माणूसच जातो. आठ पायऱ्या. स्थितप्रज्ञाच्या अठरा श्लोकांमधले हे दोन मला कायम एखाद्या एरर लॉगसारखे वाटतात. शेवटची ओळ लाल रंगात दिसते, सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात, आणि खरी गडबड वर कुठेतरी, अगदी साध्या दिसणाऱ्या ओळीत असते.

या आठवड्यात हे श्लोक मला स्क्रूड्रायव्हर हातात असताना भेटले. आमच्या कर्नाळ्यात शेजारी एक काका राहतात. ऐन जवानीत ते ऑर्केस्ट्रामध्ये बास गिटार वाजवायचे. गणपती, लग्नं, कॉलेजची गॅदरिंग्ज. त्यांचा व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर १९९४ पासून माळ्यावर पडून होता. बायपास झाल्यापासून काकांचं एकच चाललंय, "एकदा त्याचा आवाज ऐकू दे रे बाळा." मी कोडवाला माणूस, पण डिग्रीच्या वेळचा मल्टिमीटर अजून आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तुमच्यातले काही लगेच माळ्यावर चढतील. व्हॉल्व्हच्या सेटला प्लग काढल्यावरही हात लावायचा नाही. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट तसेच बसून असतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने शून्य बघायचं, मगच बोट आत. माहीत नसेल तर जाणकाराला बोलवा. (भांडण संपल्यावर तासाभराने कोणी साधा प्रश्न विचारला तरी आपण कसे फिस्कारतो, ते आठवा. प्लग काढलेला असतो, चार्ज उतरलेला नसतो.)

इतकी वर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पूर्ण वीज देत नाहीत. त्यात आपल्याकडचा पावसाळा. कर्नाळ्याचा सुळका जूनपासून ढगात असतो आणि घरातलं सगळं ओलसर. फिल्टरचे कंडेन्सर सुकले होते, ते लॅमिंग्टन रोडवरून नवे आणले. मग दिव्याचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू केला. बल्ब भपकन पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. काका खुर्ची ओढून बसले. बल्ब काढला, थेट वीज दिली. दहा मिनिटं छान. मग एका पॉवर व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली आणि फ्यूज उडाला.

काका म्हणाले, "हेच. तेव्हाही हेच व्हायचं. फ्यूज बदलायचो, परत वाजवायचो."

आता मागे मागे जायचं. फ्यूज का उडाला? करंट जास्त गेला. का? व्हॉल्व्ह बेफाम झाला. व्हॉल्व्हला आवरणारी जाळी असते, ग्रिड. या सेटमध्ये तिच्यावर शून्याच्या आसपास व्होल्टेज हवं, मीटर अकरा दाखवत होता. व्हॉल्व्ह खराब असेल म्हणून तो काढून परत मोजलं, तरी अकराच्या आसपासच. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, अलीकडच्या कंडेन्सरचा. करंगळीच्या पेराएवढा.

या कंडेन्सरचं काम काय, तर अलीकडच्या टप्प्यातून सूर पलीकडे जाऊ द्यायचा आणि तिथे ठाण मांडून बसलेले दोनशे व्होल्ट अडवायचे. तो गळत होता. किती? मीटरनेच दिसावं इतकं. सूरही जात होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

मला पहिल्या पायरीचा अर्थ तिथे लागला. चिंतन म्हणजे गळती. ते पाप वाटत नाही, आवाज तर नीट येत असतो. आणि श्लोक ६४ ऐका म्हणजे गंमत कळेल. तिथे भगवंत विषय बंद करा म्हणत नाहीत. इंद्रियं विषयांत वावरू देत, फक्त राग-द्वेष पलीकडे जाऊ देऊ नका, म्हणजे प्रसन्नता मिळेल, असं म्हणतात. वायरच कापली तर व्हॉल्व्ह थंड राहील, पण गाणंही बंद. इन्स्टा डिलीट करून तीन दिवस हिमालयात गेल्यासारखं जगणाऱ्यांना हा श्लोक थोडा अडचणीचा आहे, मलाही.

सोल्डरिंग गरम होईपर्यंत मी काकांना विचारलं, ऑर्केस्ट्रा सोडलात का? ते सेटकडे बघत बोलत राहिले. एसटी स्टँडवर पोस्टर लागलं होतं. गायक मित्राचं नाव मोठ्ठं, खाली 'आणि साथीदार'. पुढचे कार्यक्रम वाजवताना डोळ्यांसमोर तेच पोस्टर. मग वाटलं, नाव छापायलाच हवं. सांगितलं, नाही छापलं. मग स्टेजमागे भांडण.

"त्या दिवशी त्याला काय काय बोललो," काका म्हणाले. "आई हॉस्पिटलात होती तेव्हा अकरा रात्री तो बाहेर बाकड्यावर झोपलेला. ते मला तेव्हा आठवलंच नाही रे. एकदाही नाही."

स्मृती जाते म्हणजे काय, हे मी भाष्यांत शोधत होतो. विनोबांनी या अठरा श्लोकांवर आख्खं पुस्तक दिलंय, 'स्थितप्रज्ञ-दर्शन', जरूर वाचा. त्यांचं गागोदं इथून जवळच, पेण तालुक्यात. पण त्या बाकड्याने मला सगळ्यात लवकर समजावलं. विसरतो ते पाठांतर नव्हे. समोरचा आपला कोण आहे ते विसरतो.

नवा कंडेन्सर लावला. ग्रिडवर शून्य. अर्धा तास झाला, प्लेट काळीच. काकांनी गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. तिची कंपनं सेकंदाला एक्केचाळीस, ती कानाआधी छातीला कळतात. खिडकीची काच थरथरली. काकांनी तार दाबून धरली, पूर्ण शांत होईपर्यंत.

"त्याचा नंबर नाहीये माझ्याकडे," ते म्हणाले. "पण मुलाचं दुकान आहे पेणला. रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का?"

आहे. सेट डिकीत मावतो का ते शनिवारी बघतो. सोमवारी श्लोक ६५.