मूर्तीचा मान आणि सत्तेचा धाक

सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात 68 लिंगे स्थापन केली, आणि पुढे ते कल्याणच्या शिवभक्त शरणांत सामील झाले, असे परंपरा सांगते. तिथे देवळातल्या स्थावरलिंगापेक्षा देहावरच्या इष्टलिंगाचे माहात्म्य मोठे. मूर्ती आणि तिच्यामागचे तत्त्व यांतला हा ताण सोलापूरकरांच्या ओळखीचा आहे.

ख्रिस्ती जगातही तो जुनाच. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी धार्मिक चित्रे नष्ट केली. 787 साली निकियाच्या धर्मपरिषदेने तोडगा काढला: चित्राला वंदन करावे, आराधना मात्र देवाचीच. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पुन्हा मूर्तींवर घाव घातले, तेव्हा ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने डिसेंबर 1563 मध्ये तेच ठासून सांगितले. मूर्तीत दैवी शक्ती नसते. तिला दिलेला मान मूळ विभूतीला पोचतो.

तत्त्व एवढे स्वच्छ असताना सत्तेचा पहारा कशावर होता? गोव्यात त्याचे उत्तर मिळते. 1540 च्या दशकात पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या कानावर आले की, हिंदू चित्रकार येशू, मरियम आणि संतांची चित्रे रंगवून दारोदार विकतात. त्याने बंदी घालायला सांगितले. शिक्षा फटक्यांची आणि मालमत्ता जप्तीची. 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेनेही अशा कारागिरांना मनाई केली. म्हणजे अनादर आधी चित्रात नव्हे, रंगवणाऱ्याच्या हातात शोधला गेला. त्याच काळात साष्टीतली देवळे पाडली जात होती. मंगेश आणि शांतादुर्गा या देवता नदीपल्याड फोंड्याकडे हलवल्या गेल्या. तरी हिंदू कारागिरांचे हात थांबले नाहीत. चर्चना सुबक काम हवे होते आणि ते यांनाच साधत होते.

पुढे पहारा घरातल्यांवर, म्हणजे ख्रिस्त्यांवरच, आला. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. शार्ल देलॉन हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक. त्याने लिहिले आहे की, दमणमध्ये घरोघर फिरणाऱ्या दानपेटीवरच्या चित्राचे चुंबन घेणे तो टाळी. एका रुग्णाचे रक्त काढताना बिछान्यातली हस्तिदंती मूर्ती बाजूला ठेवायलाही त्याने सुचवले होते. अशा वागण्या-बोलण्यावरून 1673 मध्ये त्याला अटक झाली. दमणच्या गव्हर्नरचा खासगी मत्सर यामागे होता, असे त्याचे म्हणणे. गोव्याच्या कोठडीत त्याने आत्महत्येचेही प्रयत्न केले. चौकशीत त्याने ट्रेंटच्याच ठरावाचा आधार घेतला. तरी जानेवारी 1676 मध्ये मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षे सक्तमजुरी अशी शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी तो सुटला आणि 1687 मध्ये आलेले या अनुभवावरचे त्याचे पुस्तक युरोपभर गाजले.

चर्चचेच मत बोलणारा माणूस चर्चच्या न्यायालयात दोषी ठरला. कारण न्यायालयाला त्याची श्रद्धा तपासायची नव्हती, त्याची मान झुकते की नाही हे पाहायचे होते. शिवाय तक्रार कोणाची हे आरोपीला सांगत नसत. आपला गुन्हा त्याने स्वतःच आठवून कबूल करायचा. अशा व्यवस्थेत शेजाऱ्याचा आकसही धर्मनिष्ठा म्हणून खपतो.

1812 मध्ये हे न्यायालय कायमचे बंद झाले, पण पवित्राच्या अपमानाला शिक्षा देण्याची कल्पना संपली नाही. तिने रूप बदलले. 1860 च्या भारतीय दंड संहितेने देवाच्या अपमानाऐवजी माणसाचा हेतू तपासला: पवित्र वस्तूची विटंबना धर्माचा अपमान करण्याच्या इराद्याने झाली का? 1927 साली आलेल्या 295अ कलमाने लेखनालाही कक्षेत घेतले, पण ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट घालून. आजच्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद 299 व्या कलमात आहे.

ही अट म्हणजे या इतिहासाची खरी कमाई. भावना दुखावल्याची तक्रार आली की आपण चित्र पाहतो, तक्रारदारांची गर्दी मोजतो, हेतूचा प्रश्न मात्र शेवटी विचारतो. तो आधी विचारायला हवा. नाहीतर कायदा नवा राहील आणि न्याय देलॉनच्या काळातला होईल.