सेल्फ का लागत नाही?



ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांना अशी एखादी सकाळ ठाऊक असते. किल्ली फिरवावी आणि काहीच होऊ नये. अँबेसिडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी नीट राखलेल्या गाड्या आजही धावतात. त्यातलीच एखादी अडून बसली की घरातला प्रत्येक जण आपापले निदान सांगू लागतो. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो आता भंगारात द्या. जाणता मेकॅनिक मात्र बॉनेटला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "इंजिन फिरतंय पण पेटत नाही, की फिरतच नाही?"

हे दोन वेगळे आजार आहेत. इंजिन फिरते पण पेटत नाही, तेव्हा पेट्रोल किंवा ठिणगी पाहायची. इंजिन फिरतच नाही, तेव्हा बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट पाहायची. तिथे कार्ब्युरेटर उघडून बसलात तर दिवस वाया जातो आणि चांगला कार्ब्युरेटरही बिघडतो.

साधनेतही हे दोन आजार आहेत. एक साधक आसनावर बसतो, पण मन लागत नाही. दुसऱ्याचे बसणेच होत नाही. आठवडे जातात, महिने जातात, आसन कोपऱ्यात गुंडाळलेले राहते. पहिल्याला द्यायचा एकाग्रतेचा उपदेश आपण दुसऱ्यालाही देतो. तो ऐकतो, मान हलवतो आणि आणखी खचतो. आज आपण या दुसऱ्या साधकाविषयी बोलू. तो साधक कदाचित तुम्ही असाल, किंवा रविवारच्या सत्संगात तुमच्या शेजारी बसणारा आणि आता न दिसणारा कोणी असेल.

आधी ऐका

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, किल्ली फिरवा आणि कान द्या. भराभर 'कट-कट-कट' असा आवाज आला तर सोलेनॉइड ओढला जातो आहे, पण बॅटरीत जोर नसल्याने लगेच सुटतो आहे. एकच 'टक' आवाज येऊन सारे शांत झाले तर सोलेनॉइडच्या आतले संपर्क, सेल्फचे झिजलेले कार्बन किंवा एखादा सैल जोड यांच्याकडे संशय जातो. क्वचित इंजिनच जाम झालेले असते. काहीच आवाज नसेल तर दिवे लावून पाहा. दिवेही लागत नसतील तर बॅटरी किंवा तिचा जोड. दिवे लख्ख असतील तर किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर. सेल्फ नुसताच गरगरला आणि इंजिन हलले नाही, तर त्याचा दात फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही.

गाडी एकच शब्द बोलत नाही. मग माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ आपण एकाच शब्दात का लावतो? "त्यांची श्रद्धा कमी झाली," हे आपले ठरलेले निदान असते. न ऐकता केलेले निदान बरोबर निघाले तरी तो योगायोग असतो.

दिवे लागतात, मग अडचण कुठे?

इथे नवखा हमखास फसतो. हेडलाइट चांगले लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरीपासूनची वाट ठीकच असणार, असे त्याला वाटते. थोडा हिशेब करू. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमला आणि त्यामुळे जोडात एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका अडथळा निर्माण झाला, असे धरा. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. त्या अडथळ्यात जेमतेम ०.२ व्होल्ट खर्च होतात, दिव्याला कळतही नाही. सेल्फला मात्र १५० अँपिअरच्या आसपास लागतात. तेवढा प्रवाह ओढू पाहिला की त्याच थरात ३ व्होल्ट जातात. १२ व्होल्टच्या गाडीत ३ व्होल्ट वाटेतच संपले तर सेल्फने फिरायचे कशावर?

आपल्या आतही असे जोड असतात. भजन म्हणताना, उत्सवात सेवा करताना, लेख वाचताना सगळे दिवे लख्ख लागतात. ही दहा अँपिअरची कामे आहेत. मग सख्ख्या भावाशी जमिनीवरून बोलणे बंद होते, किंवा केंद्रातच कोणीतरी चारचौघांत अपमान करते. आता क्षमा करायची असते. हे दीडशे अँपिअरचे काम आहे. जोडावर साचलेला थर तिथे उघडा पडतो. डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो, म्हणून माणूस डोळे मिटायचेच टाळतो. आणि कारण सांगतो की वेळ मिळत नाही.

अशा वेळी नवी बॅटरी आणून उपयोग नाही. नवे अनुष्ठान, नवे पुस्तक, नवे शिबिर त्याच मळलेल्या टर्मिनलला जोडले जाईल. मेकॅनिक आधी निगेटिव्ह वायर सोडतो, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुतो, सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देत नाही, टर्मिनल घासून कोरडे करतो आणि निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडतो. खर्च काही रुपयांचा, पण हात मात्र मळतात. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला केलेला एक फोन हेच काम करतो.

परतीची वाट

बॅटरीतून निघालेला प्रवाह बॅटरीकडे परत आला तरच काम होते. जुन्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजते किंवा तुटते. जाड लाल वायर सगळे तपासतात, या पट्टीकडे लक्ष जात नाही. सत्संगातून वर्षानुवर्षे घेतच राहिलो आणि घरातल्या, शेजारच्या कोणाकडे सेवा म्हणून काही परत गेले नाही, तर वर्तुळ पूर्ण कसे होणार? घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे करताना जी बहीण सत्संगाला येऊ शकत नाही, तिची ही पट्टी कदाचित आपल्या सर्वांपेक्षा शाबूत असेल. तिला गैरहजर मानू नका. आठवड्यातून एक तास कोणी जाऊन बसले तर तिलाही डोळे मिटता येतील.

धक्का आणि जंपर

धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जंपर लावून गाडी सुरू होऊ शकते. सत्संग हा असाच जंपर आहे. तो जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण जंपर काढल्यावर गाडी काही वेळ चालवावी लागते, म्हणजे आपला अल्टरनेटर बॅटरी भरतो. रविवारच्या उत्साहावर सोमवारी सकाळी दहा मिनिटे बसलो नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा धक्काच लागेल.

आणखी एक. किल्ली सलग दहा सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये, सेल्फ तापतो. "मी किती नालायक" असे स्वतःला दिवसभर बोल लावणे म्हणजे किल्ली धरून ठेवणेच आहे. त्याने गाडी सुरू होत नाही, उरलेली शक्तीही जाते.

बॅटरीच उतरली असेल तर

चांगली भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवरचे लेड सल्फेट कठीण होत जाते. लवकर चार्ज केली तर ते पुष्कळसे विरघळते, फार उशीर झाला तर नाही. म्हणून कोणी दिसेनासा झाला तर दोन आठवड्यांत विचारपूस करा, दोन वर्षांनी नव्हे.

आणि विचारपूस करताना हे ध्यानात असू द्या. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव व्याधीचे आहे; संशय आणि आळस त्यानंतर येतात. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, जगणे नको वाटते, असे कोणी सांगितले तर त्याला जप वाढवायला सांगू नका. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. उपचार घेणे ही साधनेतली उणीव नाही. ज्यांचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, त्यांना खुर्ची द्या आणि पुढच्या रांगेत द्या.

सेल्फ या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'स्वतः'. पण हा सेल्फ स्वतःच्या बळावर कधीच फिरत नाही. शक्ती बॅटरीची असते, वाट जोडांची असते. आपलीही शक्ती त्या परमात्म्याची आहे, आणि ती कमी पडलेली नाही. आपल्याकडे काम आहे ते जोड स्वच्छ ठेवण्याचे.

या आठवड्यात दोन गोष्टी करू या. आपला एक मळलेला जोड ओळखून तो धुऊ या. आणि बऱ्याच दिवसांत न दिसलेल्या एका साधकाच्या घरी जाऊ या. उपदेश घरी ठेवून जाऊ, चहा घेऊ आणि ऐकू.

सर्वांचे कल्याण होवो, हीच प्रार्थना.