तेच, की त्यासारखे?

दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेल्या कार्यक्रमाची फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणे ही वरकरणी केवळ तांत्रिक तजवीज असली, तरी रूपांतर संपल्यावर हाती आलेली वस्तू तीच की तिच्यासारखी दुसरी, असा प्रश्न मनात येताच आपण दर्शनकारांच्या एका फार जुन्या वादात जाऊन उभे राहतो. विंडोजच्या मीडिया सेंटरमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षे कार्यक्रम साठविले, त्यांना तर हा प्रश्न टाळताच आला नाही. कारण आधी डीव्हीआर-एमएस, मग डब्ल्यूटीव्ही असे प्रकार बदलत गेले आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून मीडिया सेंटरच वगळले गेले.

रूपांतराचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आतला एमपीईजी-२ चित्रप्रवाह जसाच्या तसा उचलून एमकेव्हीसारख्या दुसऱ्या आवरणात ठेवतात. चित्राच्या आकड्यांना धक्का लागत नाही, आणि जीर्ण वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा देही म्हणजे आत्मा देह बदलतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टान्त येथे यथार्थ लागू पडतो. दुसऱ्यात मात्र तो प्रवाह उलगडून एच.२६४ सारख्या नव्या पद्धतीने पुन्हा बांधतात, आणि तेथे तो दृष्टान्त अपुरा पडतो. एमपीईजी-२ मध्ये चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे चौकोन पाडून प्रत्येकाचे चौसष्ट गुणांक काढतात, आणि ज्या सूक्ष्म छटा डोळ्यास जाणवणार नाहीत असे गृहीत धरलेले असते, त्यांचे गुणांक शून्यावर आणतात. प्रक्षेपणापूर्वीच एकदा झालेला हा त्याग पुनर्बांधणीत निराळ्या नियमांनी पुन्हा होतो. रात्रीच्या प्रसंगात भिंतीवर उजेडाकडून काळोखाकडे हळूहळू उतरत गेलेली छटा मग पायऱ्या पडल्यासारखी दिसते, आणि गेलेली छटा कोणत्याही उपायाने परत येत नाही.

वस्त्राआड अविकारी देही असावा, तसे या आकड्यांआड एखादे अविकारी चित्र आहे काय? मला तसे काही आढळत नाही. सामान्यतः बारा-पंधरा चित्रांच्या गटात एकच चित्र स्वयंपूर्ण असते. बाकीची शेजारच्या चित्रांशी असलेल्या फरकांच्या रूपाने नोंदलेली असतात, म्हणजे ती परस्परांच्या आश्रयानेच प्रकट होतात. प्रतीत्यसमुत्पादाचे, म्हणजे सर्व काही परस्परांच्या आश्रयानेच उत्पन्न होते या बौद्ध सिद्धान्ताचे, याहून नेमके उदाहरण शोधू जाता सापडणे कठीण! मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला दिला, त्यातील पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी तीच नसते आणि अगदी वेगळीही नसते. पुन्हा बांधलेल्या फाइलीविषयी एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

यावर कोणी म्हणेल की, पाहणाऱ्याला तर हा तोच कार्यक्रम म्हणून ओळख पटते. ब्रह्मसूत्रभाष्यात, सर्व काही क्षणमात्रच टिकते असे मानणाऱ्या बौद्ध क्षणिकवादाचे खंडन करताना शंकराचार्यांनी स्मरण आणि प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘हे तेच’ अशी पटणारी ओळख, यांवरच भर दिला आहे. पण तेथेच त्यांनी एक मर्यादाही मान्य केली आहे. बाह्य वस्तूविषयी ती हीच की हिच्यासारखी, असा संशय संभवतो. जाणणाऱ्याला स्वतःविषयी मात्र तो संभवत नाही. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. बाबांच्या वेळचा गायनाचा कार्यक्रम आज नव्या फाइलीत पाहताना जे एकत्व आपण अनुभवतो ते पाहणाऱ्याचे असते, फाइलीचे नव्हे. फाइलीला ते आपण बहाल केलेले असते.

म्हणूनच ज्याने मूळ प्रक्षेपण पाहिलेच नाही, त्या नातवंडापुढे हा आधार राहत नाही. त्याला ओळख पटायची कशाच्या बळावर? त्याच्याजवळ केवळ परंपरा असते, आणि परंपरेची शुद्धता दप्तरावर अवलंबून असते. शक्य तेथे पहिलाच मार्ग धरावा, आणि दुसरा धरावाच लागला तर मुद्रणाची मूळ फाइल पुसू नये, तसेच कोणत्या पद्धतीने, फाइल किती आकसून, केव्हा रूपांतर केले याची नोंद फाइलीसोबतच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण उद्या भिंतीवरच्या त्या पायऱ्या पाहून चित्रीकरणच सदोष होते असा समज करून घेणाऱ्याला, तो दोष कुठल्या टप्प्यावर शिरला, हे सांगणारे दुसरे कोणीही उरलेले नसेल.