ऊर्जा कोणाच्या खाती?

दोन द्रव्यांमधील संयोग हा वैशेषिक दर्शनकारांनी दोहोंत मिळून राहणारा एक गुण मानला आणि त्याच्या उत्पत्तीच्या तीन वाटा सांगितल्या: एकाच्या गतीने, दोहोंच्या गतीने, किंवा आधीच्या संयोगातून, जसा हात पुस्तकास लागला की शरीरही पुस्तकास लागते. तिन्हींच्या मुळाशी गृहीत एकच, की संबंधी पदार्थांपैकी कोणी हलल्याखेरीज संबंध घडत नाही.

या गृहीताची परीक्षा पाहणारा प्रयोग अमेरिकेतील बोल्डर येथून २००१ साली प्रसिद्ध झाला. सत्येंद्रनाथ बोस व आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ च्या गणितातून निघालेली आणि १९९५ साली त्याच गावी प्रत्यक्षात उतरलेली जी अतिशीत वायूची अवस्था, तीत रुबिडियम-८५ चे काही हजार अणू, निरपेक्ष शून्याहून काही अब्जांश अंशच वर, चुंबकीय सापळ्यात धरले होते. आणि १५५ गाऊसच्या परिसरात चुंबकीय क्षेत्र सरकविले की अणूंमधील प्रतिकर्षण लोपते व पुढे त्याचे आकर्षणही होते हे ठाऊक असल्याने, संशोधकांनी ते क्षेत्र एकाएकी पालटले. त्या क्षणी अणू होते तेथेच होते. पालटली ती त्यांची परस्परांविषयीची वृत्ती, आणि तिजबरोबर सगळ्या मेघाची ऊर्जा. गती मागाहून आली: मेघ आकसत गेला, काही सहस्रांश सेकंदांनी फुटला, आणि बरेच अणू तर हिशेबात लागलेच नाहीत.

ऊर्जा अक्षय राहते ती नियम कालानुसार बदलत नाहीत तोवरच, हे एमी नोएथर यांनी १९१८ साली दाखविले. येथे नियमच मध्ये फिरविला गेला, तेव्हा जमाखर्च जुळवायचा तर ते क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याच्या वीजपुरवठ्याचे दफ्तर उघडणे भाग आहे. मेघाच्या आत मात्र ती रक्कम कोणा एका अणूच्या खाती पडत नाही. शिना टॅन यांनी २००८ साली फर्मी वायूसाठी सिद्ध केले की, परस्परक्रिया सावकाश बदलताना ऊर्जा किती बदलावी हे एकाच राशीवर ठरते, आणि ती राशी मोजते निकट आलेल्या जोड्या. दोहोंत मिळून राहणारा गुण, हे वैशेषिकांचे म्हणणे येथे विलक्षण नेमके बसते.

अणूंच्या परस्परक्रियेस संयोग म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. पण वैशेषिकांच्या पदार्थव्यवस्थेत त्याहून जवळचे पद मला तरी सापडत नाही. वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, तीच गती, असेही कोणी म्हणेल. ती आहे खरी, परंतु वेटोळे हे जोडीतल्या दोहोंपैकी कोणीच नव्हे. तिसऱ्याच्या कर्माने पालटणारा हा चौथा प्रकार सूत्रांच्या यादीत नाही, आणि तो दाखल करून घेण्यास काही प्रत्यवाय असावा असे मला वाटत नाही.