पश्चात्ताप कोणाचा?

जबलपूरच्या सार्वजनिक जीवनाशी पं. माधवराव सप्रे यांचे नाव निगडित आहे. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग मननीय आहे. १९०८ साली ‘हिंदी केसरी’तील लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. आप्तांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी क्षमापत्र लिहून दिले व त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी लोकमान्यांनी सहा वर्षांची शिक्षा पत्करली होती. आपले कृत्य सप्र्यांच्या मनास फार सलले. काही काळ ते सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले.

येथे विचारावेसे वाटते की, हे सलले ते नेमके कोणास?

लॉक म्हणेल, ‘मी’पण स्मृतीने टिकते, ज्यास कृत्य स्मरते तोच त्याचा धनी. मिल परिणामांचा हिशेब मांडील. कुटुंबाचे दुःख टळले, ही बाजूही तो तराजूत घालील. कांट मात्र परिणाम दूर सारून कर्तव्याचा भंग झाला की नाही एवढेच पाहील. गीतेच्या निष्काम कर्माशी त्याचे हे मत पुष्कळ जवळचे आहे.

पण आत्मा अलिप्त आहे असे गीता सांगते, तर मग पश्चात्तापास जागा कोठे उरते? ‘देहाने केले, आत्म्यास काय त्याचे?’ असे म्हणून दोष झटकणारे आपल्यात थोडे नाहीत. परंतु अलिप्तता ही अहंकार व फलाशा सोडलेल्याची स्थिती आहे. फळ मात्र भोगावयाचे आणि कर्तेपण नाकारावयाचे, हा वेदान्त नव्हे, आत्मवंचना होय. सहावा अध्याय तर स्पष्टच सांगतो की, आपला बंधू आपण आणि आपला शत्रूही आपणच.

अलिप्ततेचा खरा अर्थ आशेचा आहे. दोष आपला असतो, पण तो आपले स्वरूप नसतो. म्हणूनच मनुष्य पुन्हा उठू शकतो. स्मृती अपराध दाखविते. उद्धाराचा यत्न मात्र आपणासच करावा लागतो.

सप्र्यांनी तो केला. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढे, मंडालेच्या कारागृहात लिहिल्या गेलेल्या आणि मिल, कांट, ग्रीन यांच्या मतांची गीतेशी तुलना करणाऱ्या ‘गीतारहस्या’चेही त्यांनी हिंदी भाषांतर केले. १९२० साली जबलपुरात ‘कर्मवीर’ निघाला, त्यातही त्यांचा वाटा होता.

जीविताचे ध्येय सुख की कर्तव्य, हा वाद तत्त्वज्ञ करोत. पडलेल्या माणसास गीता आधी उठावयास सांगते, आणि उठल्यावर लोकसंग्रहाच्या कामास लावते. पश्चात्ताप अश्रूंत संपला तर तोही एक भोगच. तो कर्मात उतरला तरच तो साधना होतो.